अर्थिंगचा खड्डा

टीव्हीचं नाव काढलं की मला अजून शिसारी येते. डब्याची न्हाई, माणसांची.

ऐंशीनंतरची गोष्ट. हुमनाबादच्या अलीकडं आमचं गाव. गावातला पहिला टीव्ही आमच्याकडं आला. गुलबर्ग्याकडचं चित्र धरायला माळवदावर उंच लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना. बसवणाऱ्यानं बजावलं होतं, गावात सगळ्यात उंच तुमचाच पाइप, वीज पडली तर आधी ह्याच्यावरच पडणार. पाइपाला तांब्याची जाड तार बांधून ती खाली जमिनीत तांब्याच्या पट्टीला जोडून पुरा, भोवती मीठ अन् कोळसा भरा आणि जागा ओली ठेवा, म्हणजे वीज जमिनीत जाईल. परसदाराशी खड्डा मी खणला. मिठाचं पोतं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हुमनाबादच्या बाजारातून स्वतः आणलं.

आमची जमीन तांबडी, मुरमाड. पाणी ठरतच न्हाई. म्हणून रोज तांब्याभर पाणी घालायचं काम थोरल्या आईनं आपणहून अंगावर घेतलं. थोरली आई म्हणजे माझी विधवा चुलती. सकाळी आंघोळ झाली की देवाचं नाव पुटपुटत ती खड्ड्यावर पाणी ओतायची, तुळशीला घालावं तसं.

उन्हाळ्यात शेजारणीची म्हैस आटली. त्याच सुमारास कुत्र्यानं खड्डा उकरला आणि मीठ, कोळसा, पट्टी सगळं वर आलं. झालं! दाराशी मीठ-कोळसा पुरलेला दिसला की आमच्या भागात दुसरं काही सुचतच न्हाई. भानामती! अन् त्यावर रोज पुटपुटत पाणी कोण घालतं? नवरा मेलेली बाई. मग काय, म्हैस कामून आटली ते गल्लीला कळलं.

संध्याकाळी चार शहाणे आमच्याच ओसरीवर जमले. कालपर्यंत तिथंच मांड्या घालून टीव्ही बघत होते, थोरल्या आईच्या हातचा चहा भुरके मारून पीत होते. खड्डा मी खणलाय, हे विजेसाठी आहे, असं मी घसा फोडून सांगितलं. शिकलेली पोरं असंच बोलतात म्हणून त्यांनी मला गप्प केलं. बाईला घरात ठेवाल तर गल्लीतनं तुमच्याकडं कुणी पाणी पिणार न्हाई, असं सरळ सांगून टाकलं.

थोरली आई उंबऱ्यात उभी होती. बाकी कुणाकडं तिनं बघितलंही न्हाई.

"भावजी, मीठ तुमीच आनलं न्हवं का? सांगा की."

अप्पा मान खाली घालून चटईची काडी उपसत बसले. अहो, ती लग्न होऊन आली तेव्हा अप्पा शेंबडं पोर होते, तिनंच त्यांना न्हाऊ-माखू घातलेलं. एक 'व्हय' म्हणायला काय जड गेलं असतं?

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. पत्र्याची पेटी घेऊन ती त्याच्यासोबत गेली. गल्लीनं खड्डा उपसला, मीठ-कोळसा शिवेबाहेर नेऊन टाकला, लिंबू कापलं, तारही तोडली. मी परत जोडायला गेलो तर अप्पांनी हातातली पक्कड हिसकावून घेतली. रविवारी तेच लोक सिनेमा बघायला हजर. माझ्या आईनं चहा केला. मला त्या कपांचीसुद्धा किळस आली.

रोहिण्यांत वादळ सुटलं आणि वीज पाइपावर पडली. टीव्ही जळाला, भिंत वरपासून खालपर्यंत काळी झाली. डबा आत दाराशी होता आणि माणसं बाहेर ओसरीवर, म्हणून वाचली. मला वाटलं, आता तरी अप्पांचे डोळे उघडतील. तुटलेली तार मी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी तारेकडं बघितलं, जळक्या डब्याकडं बघितलं.

"बघितलास? वैनी जाता जाता करूनच गेली."

लोकांना ऐकवायला ते बोलले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तिथं आम्ही दोघंच होतो.