चारूने वाचवलेले फोटो

मी इंग्लंडला निघाले तेव्हा भाऊ टॅक्सीपर्यंत आले. भाऊ म्हणजे माझे वडील. घर गास गावात, केळीच्या वाडीत. फोटो स्टुडिओ नालासोपाऱ्याला. "नाव काढ," एवढंच म्हणाले आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे वळले, "चल चारू, संध्याकाळी लग्नाची ऑर्डर आहे." टॅक्सी वळेपर्यंत मी मागे बघत होते. दोघं पाठमोरी, बोलत चालली होती.

लहानपणी मला डार्करूममध्ये जायचं असायचं. भाऊ दारातूनच परतवायचे. "तू हुशार. त्या अंधारात तुझं काय काम?" चारू दहावीला नापास झाली आणि तिला त्या अंधारात जागा मिळाली. मी केमिस्ट्री केली, मुंबईत एका संग्रहालयात लागले आणि तिथून शिष्यवृत्तीवर जुने फोटो जतन करायला शिकायला गेले. ज्या अंधारातून मला हाकललं, त्याच्याच मागे मी समुद्रापार गेले, असं आता वाटतं.

पहिली टर्म आमच्या मॅडमनी कशालाही हात लावू दिला नाही. फक्त भिंगातून बघायचं आणि कागद कोणता, लेप कसला ते ओळखायचं. पुढे तिथेच नोकरी लागली. बुरशी लागलेली परक्यांची लग्नं, परक्यांच्या आज्या मी कापसाच्या बोळ्याने साफ करत बसायचे. फोनवर भाऊ सांगायचे, चारूने कॉम्प्युटर घेतला, चारू आता पासपोर्ट फोटो चुटकीसरशी काढते. मी काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. फोन ठेवून मी पुन्हा कापसाचा बोळा उचलायचे.

मग एका पावसाळ्यात स्टुडिओत कमरेएवढं पाणी शिरलं. चारूचा फोन आला. "ताई, सगळे फोटो पान्यात गेले. भाऊ पायरीवरून उठतच नाहीत."

"मी येते."

"तू येईपर्यंत काय उरेल? काय करायचं ते सांग. मी करते."

मी सांगत गेले. गठ्ठ्यात वाळू देऊ नकोस, एकमेकांना चिकटतील. स्वच्छ, थंड पाण्यात बुडवून ठेव. ओल्या फोटोचा चेहरा जेलीसारखा मऊ असतो, बोट लावू नकोस. लाइट नव्हती, म्हणून पाणी थंड ठेवायला तिने राजोडीच्या कोळ्यांकडून बर्फ आणवला. माडीवर मच्छरदाण्या ताणल्या आणि एकेक फोटो सुटा करून, वर तोंड करून वाळत पसरला. निगेटिव्ह चिमटे लावून दोरीवर टांगल्या. निम्म्याहून जास्त वाचलं.

मी पोचले तेव्हा लोक आपापले फोटो न्यायला आले होते. भाऊ प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या चारूने वाचवले." मी शेजारी उभी होते. शेवटी राहवलं नाही. "आणि भाऊ, मी?"

ते सहज म्हणाले, "तुझं काय! तू शिकलेलीच आहेस. तिने न शिकता केलं."

मी आत जाऊन पाणी प्यायले. चारू मागोमाग आली. तिच्या हातांची सालं निघाली होती. तिने कपड्यात गुंडाळलेली एक फ्रेम माझ्यापुढे ठेवली. आई-भाऊंच्या लग्नाचा फोटो, काचेला चिकटलेला. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "याला हात लावायची माझी छाती झाली नाही. तुझ्यासाठी ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी मी ओटीवर बसले. काचेसकट फोटो पाण्यात ठेवला आणि कड सुटायची वाट बघत राहिले. भाऊ येऊन बसले. न सांगता बॅटरी धरली. दुपार गेली. ते पहिल्यांदाच माझं काम बघत होते आणि चारू दारात उभी राहून आम्हा दोघांना बघत होती. तिची ती नजर मी लगेच ओळखली, माझीच होती.

आईचा चेहरा अख्खा सुटला. खांदा काचेवरच राहिला. "असू दे," भाऊ म्हणाले, "एवढं पुष्कळ झालं."

मी इंग्लंडला परत आले. इथे माझं घर आहे, बाग आहे, शेजारी चांगले आहेत. त्यांचे आईवडील त्यांच्या बहिणींचं कौतुक करतात ते मी ऐकते आणि मला काहीच होत नाही. हेव्याने जळायला मला अजून गासच लागतं. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर हेच सांगेन.