खाडीवरचा चंद्र आणि चहाचा थेंब

चहा घेताय ना? घ्या, घ्या. फक्त कपाकडे नीट लक्ष ठेवा. माझी अब्रू एका थेंबाने घालवलीय. आणि थेंबाला तरी कशाला बोल लावू, पराक्रम माझाच!

आमचं तीन जणांचं जॅझचं चिमुकलं मंडळ. मी पियानोवर, शीतल ड्रम्सवर आणि ट्रम्पेटवर कल्याणचे वसंतकाका. काकांनी उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये काढलेली. रविवारी वागळे इस्टेटमधला शीतलच्या भावाचा गाळा बंद असतो, तिथे आमची तालीम.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांना माझ्या कॉम्प्युटरवर छापलेल्या सुरांच्या कागदांवरचं जवळचं, बारीक काही दिसेना.

"अरे, या रेघा आहेत की मुंग्यांचे पाय? ठाण्याच्या कार्यक्रमात अडखळलो ना, तर हा ट्रम्पेट कायमचा पेटीत. सांगून ठेवतो!"

काका गेले की मंडळ संपलंच.

शोधता शोधता मला एक फॉन्ट मिळाला. पूर्वी जॅझवाले जाड निबाने सूर लिहायचे, अगदी तसाच. सुरांची टपोरी डोकी, त्यांना जाडजूड तिरक्या दांड्या, मंद उजेडातही झटकन वाचता येतील अशा. तालमीत काका कागद बघून खुलले.

"आता कसं! हे माणसाने लिहिलंय." एकदाही अडखळले नाहीत.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी थांबणारा आहे का?

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी डोंबिवलीला घरी बसलेलो. समोर स्क्रीनवर माझीच धून, 'खाडीवर चंद्र'. ते अक्षर बघता बघता तंद्री लागली. वाटलं, आपण खाडीकाठी कुठल्याशा जुन्या क्लबात बसलोय, पाण्यावर चांदणं हलतंय, हातात निब, बाजूला चहाचा कप... चहा! हाताने लिहिलेल्या कागदावर चहाचा डाग नको? लगेच डागाचं एक चित्र शोधलं आणि त्यातले दोन-तीन थेंब स्क्रीनवरच्या कागदावर टाकले. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! तसंच काळ्या शाईत छापलं.

कार्यक्रम रंगला. काका झकास वाजवत होते. शेवटी 'खाडीवर चंद्र'. शेवटच्या ओळीत काकांनी गप्प राहायचं आणि मी एकट्याने धून हळूहळू मावळवायची, असं ठरलेलं. मी अर्धवट डोळे मिटून मावळवतोय, आणि काकांनी ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावला!

"अरे, हे काय करतायत?" शीतल मागून कुजबुजली.

मी शेजारी काकांच्या कागदाकडे बघितलं. शेवटच्या ओळीवर, सूर मांडायच्या पाच रेघांच्या खूप वर एक थेंब, खाली ओघळलेला. रेघांच्या जितकं वर, तितका सूर चढा! टपोरं डोकं, तिरकी दांडी. माझ्या फॉन्टमधल्या सुरांचा सख्खा भाऊ!

काकांचे गाल फुगले, कान लाल झाले. मी मनात देवाचा धावा केला.

आणि तो सूर आला. बारीक, स्वच्छ, लांबून पाण्यावरून यावा तसा. हॉलभर तरंगत राहिला. मी शेवटची पट्टी दाबायचीच विसरलो, आ वासून ऐकत बसलो. खरं सांगतो, इतकं सुंदर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. हेसुद्धा कुठे लिहिलं होतं म्हणा!

टाळ्या थांबेनात. विंगेत काकांनी माझी मानगूट धरली.

"गाढवा, ऐन वेळी एवढा वरचा सूर घालतोस? आधी सांगायचंस तरी! पण शाब्बास. आता पेटीबिटी काही नाही, वाजवणार मी."

"काका... तो चहा होता."

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. थेंब अंगठ्याने पुसून बघितला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असं कर," म्हणाले, "यापुढे तू लिहू नकोस. नुसता चहा सांड."