रिकाम्या पोटाचं पळणं

यमुताईला माणूस ओळखायला त्याचं तोंड लागत नाही, ताट लागतं. वाडीला गोदामांच्या मागच्या गल्लीत तिची मेस आहे, चोवीस वर्षांपासून. दुपारी हमाल आणि ट्रकवाले, संध्याकाळी भाड्याच्या खोल्यांमधले पोट्टे. कोणाचं घरी भांडण झालं, कोणाचं पोट बिघडलं, कोण दुसरीकडं वडे हाणून आला, हे सारं तिला ताट घासायला आलं की कळतं. ती म्हणते, "तोंड लबाड बोलते, ताट नाही बोलत."

वरच्या मजल्यावरची खोली तिनं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना दिली होती. तीन पोरी होत्या: मेघा, कामिनी आणि भैरवी. उजाडायच्या आत, रस्त्यावर ट्रकांची रांग लागायच्या आधी, मैदानावर जायच्या. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. साडेसातला घामेजून यायच्या आणि पोह्यांवर तुटून पडायच्या.

त्यातली भैरवी यमुताईच्या माहेरच्या बाजूची, पारशिवनीकडची. बाप चंद्रभान पाच एकर धान आणि दोन गाई सांभाळून असलेला, कमी बोलणारा माणूस. संक्रांतीनंतर पोरीची पेटी खोलीत ठेवून तो एवढंच बोलला होता, "माई, तुमच्या भरवशावर ठेवून चाललो. या भरतीत झालं तं झालं. नाही तं पाहुणे पाहून ठेवले हायेत." पाहुणा म्हणजे बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला असलेला पोरगा. पोरगा वाईट नव्हता, आणि भैरवीलाही तो फार नको होता असं नाही. पण आधी तिला खाकी पाहिजे होती.

उन्हाळाभर भैरवीचं ताट कसं, तर चाटूनपुसून. चार पोळ्या, वर डोंगराएवढा भात, वरण वाटीला तोंड लावून. मिरगापर्यंत तिचं आठशे मीटर तीन मिनिटं वीस सेकंदांवरून दोन मिनिटं पंचावन्नवर आलं होतं. मग अकॅडमीच्या सरांनी म्हणे सांगितलं, आंग हलकं कर, अजून पाच सेकंद खाली येतील. सर सहज बोलले असतील, पण पोरीनं ते गाठीला बांधलं. चारच्या दोन पोळ्या झाल्या. भात बंद झाला. भाजीवरचं तेल चमच्यानं काढून मेघाच्या ताटात जाऊ लागलं. आणि सकाळी सगळ्यांसोबत पळून झालं की संध्याकाळी एकटी पुन्हा पळायची.

यमुताईनं दोनचार वेळा टोकलं. "काहून वं, माह्या हातची चव गेली का?"

"नाही ताई. वजन उतरवून राहिली."

"वजन हाय कुठी तुह्यात? कपडे वाळत घालायची दोरी झाली तू."

पोरी हसल्या, भैरवीही हसली, पण ताट तसंच अर्धं परत आलं. ऑक्टोबरात साऱ्या वाडीला घामाच्या धारा लागलेल्या असताना ही पोरगी स्वेटर घालून बसायची. न्हाणीच्या जाळीत तिच्या केसांचे गुंतवळे अडकायचे. कामिनीनं एकदा तिचा मग वापरला तर भैरवीनं अख्खी खोली डोक्यावर घेतली. रात्री झोप येत नाही म्हणायची आणि सकाळी उजव्या पायाच्या नळीला दुखतं म्हणून बाम चोळायची. सगळ्यात गंमत म्हणजे जेवण निम्मं आणि पळणं दुप्पट होऊनही घड्याळ मागं चाललं होतं. तीन मिनिटं. तीन पाच. तीन दहा. आणि घड्याळ जितकं मागं जाई, तितकी ही अजून एक पोळी सोडी.

डिसेंबरात वरच्या खोलीचा नळ गळत होता म्हणून यमुताई पाहायला गेली. भिंतीवर कॅलेंडर होतं. पोरींची एक रीत होती: ग्राउंडची, म्हणजे मैदानी परीक्षेची, तारीख कधी पडेल याचा नेम नाही, आणि नेमकी पाळीच्या दिवसांत पडली तर पंचाईत. म्हणून ज्या तारखेला जिची पाळी येई, त्या तारखेवर ती आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवायची. यमुताईला ही रीत ठाऊक होती. डिसेंबरच्या पानावर 'मे' होतं, 'का' होतं. 'भै' नव्हतं. तिनं मागची पानं उलटली. नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, कुठंच नाही. शेवटचं 'भै' जुलैत होतं.

यमुताई खाटेवर बसली. कोणाच्याही मनात पहिलं जे येईल, तेच तिच्याही मनात आलं. महिने मोजले, पोरीचं सपाट पोट आठवलं, पुन्हा मोजले. मग चंद्रभानचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

संध्याकाळी तिनं मेघाला लसूण सोलायला बसवलं आणि हळूच विचारलं, "भैरवीचं अक्षर काहून दिसत नाही वं कॅलेंडरावर?"

मेघा खुदकन हसली. "तिची तं सुटी झाली ताई! पाच मयने झाले. आम्ही म्हनतो, हिचं नशीब पहा. ग्राउंडच्या दिवशी काही झंझटच नाही."

"अन् हे तुमाले चांगलं वाटून राहिलं?"

"जुन्या पोरी सांगतात ना. मेहनतीनं आंग लोखंडाचं झालं का असंच होते म्हने."

यमुताईच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. ती आठनऊ वर्षांची असताना दोन सालं लागोपाठ धान हातचं गेलं होतं. गावातल्या बाया सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला जायच्या. दिवसभर घण आणि दोन वक्ताला मिळून एक भाकर. संध्याकाळी पाणवठ्यावर बसल्या की बोलायच्या, आणि पोरगी ऐकते याचं कोणाला भान नसे. कोणाचीच पाळी येत नव्हती. कोणी घाबरतही नव्हतं. यमुताईची माय म्हणायची, घरात दाणा नसला तं आंग पाहुणा बोलावत नाही. पुढं धान पिकलं आणि त्यानंतरच्या साली त्याच आळीत चार पाळणे हलले.

त्या बायांजवळ खायला नव्हतं. इथं तर डब्यात पोळ्या होत्या, पातेल्यात वरण होतं.

दुसऱ्या दिवशी ती भैरवीला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईनं सगळ्यात आधी लघवी तपासायला सांगितली. ती कशासाठी हे कळलं तशी भैरवीचा चेहरा लाल झाला. "मी तसली हाव का?" यमुताई म्हणाली, "तसली कोनी नसते. तपासू दे, मंग पुढचं बोलता येते." तपासणीत तसं काही निघालं नाही. पायाच्या फोटोत मात्र नळीच्या हाडावर केसाएवढी रेघ निघाली.

बाई चांगली होती. तिनं कागदावर काढून समजावलं. पाळीचा हुकूम पोटातून नाही, मेंदूतून निघतो. मेंदू रोज हिशेब पाहतो: आत किती आलं, बाहेर किती गेलं. आत कमी, बाहेर जास्त आणि वरून डोक्याला घोर, असं महिनोन्‌महिने चाललं की तो म्हणतो, आता फक्त जीव जगवायचा, बाकीचं काम बंद. मग हार्मोन खाली जातात. पाळी जाते, झोप जाते, थंडी वाजते, चिडचिड होते. "आणि त्याच हार्मोनच्या जोरावर हाडं टिकतात. तुला वाटतंय तू घट्ट होत चाललीस. तू आतून ठिसूळ होत चाललीस."

"मंग गोळी द्या ना मॅडम," भैरवी म्हणाली.

"गोळीनं महिन्याला रक्त येईल, मेंदूचा हिशेब नाही फिटणार. पोटभर खायचं, झोपायचं, दोन महिने पळायचं नाही. पाळी यायला त्याहून जास्त वेळ लागेल."

ग्राउंड सहा आठवड्यांवर होतं.

घरी आल्यावर भैरवी फुटली. "मी पळनार हाव. हाड तुटलं तं तुटलं. ग्राउंड सोडलं तं बाबा साल थांबनार हायेत का? सरळ हळद लावतीन."

"बाबाले सांगू."

"काय सांगसान? पोरीची पाच मयन्यापासून पाळी नाही? बाबा काय समजतीन, तुमाले मालूम नाही?"

मालूम होतं. तिच्याही मनात तेच आलं होतं ना. कारण सांगावं तर पोरीवर डाग, आणि कारणाशिवाय चंद्रभान वर्ष देणार नाही. यमुताईनं दोन दिवस भाजीत मीठ जास्त टाकलं. हमालांनी बोंब मारली.

रविवारी तिनं चंद्रभानला बोलावून घेतलं. तो नव्या तांदळाचं गाठोडं आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या घेऊन आला. तिनं आधी त्याला पोटभर जेवू घातलं. हात धुऊन सुपारी कातरायला बसला तेव्हा ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "भाऊ, गाईचं काय म्हनते?"

"एक देते दूध. कपिली नाही. उन्हाळ्यापासून माजावरच नाही आली."

"काहून गा?"

"माहाच गुन्हा. उन्हाळ्यात चारा कमी पडला अन् बैल लंगडला म्हून तिलेच वखराले जुंपलं थोडे दिवस. हाडं दिसाले लागली. डॉक्टर म्हने, सुई मारून काही होत नाही, पहिले सरकी ढेप चार, उभी ठेव."

"मंग?"

"मंग काय. ढेप चारून राहिलो. आता अंगावर मास धरून राहिली. येइन माजावर."

यमुताईनं पदर सारखा केला. "भाऊ, तुमची पोरगी कपिलीसारखी झाली हाय. खायाचं कमी केलं अन् वखराले दोन्ही वेळ जुंपलं. कोन्या परक्यानं नाही, तिनंच सोताले जुंपलं. समजून राहिलं ना मी काय म्हनून राहिली ते?"

चंद्रभानचा अडकित्ता थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. रस्त्यावरून एक कंटेनर गेला आणि भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या.

"किती मयने?" त्यानं विचारलं.

"पाच."

"अन् दुसरं काही..."

"काही नाही. दवाखान्यात नेलं होतं मी. पायाचं हाडही तडकलं हाय."

"कपिलीले सुधरायले सात मयने लागून राहिले," तो म्हणाला. "या ग्राउंडले तं नाही जमत मंग."

"नाही जमत."

"पाहुण्यायले काय सांगू?"

"सांगा, पोरीचा पाय मोडला. खोटंही नाही ते."

"ते थांबले नाही तं?"

"नाही तं नाही. बुटीबोरीत का एकच पोरगा कामाले जाते?"

चंद्रभानच्या ओठाचा कोपरा हलला. "पुढच्या भरतीवरी," तो म्हणाला. "त्याच्यावर एक दिवस नाही, माई."

"ते तुमी तिले सांगा."

सांगायची गरज नव्हती. भैरवी जिन्यावर उभी राहून ऐकत होती. तणतणत खाली आली. "मले गाय म्हनलं तुमी? माह्या बापापुढं?"

"गाय बरी वं," यमुताई म्हणाली. "पुढं टाकलं तं खाते."

चंद्रभान उठला, पोरीकडं न पाहता त्यानं चप्पल घातली, आणि दारातून म्हणाला, "तूप पाठवतो. मेघाच्या ताटात नोको टाकू." म्हणजे तेलाची गोष्ट त्यालाही कोणीतरी सांगितली होती.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. भैरवी चार घास खाऊन पोट फुगलं म्हणायची. पँट कमरेला घट्ट झाली त्या दिवशी आरशापुढं रडली. सकाळी बाकीच्या दोघी बूट बांधून निघाल्या की ही पांघरूण तोंडावर ओढून पडून राहायची. यमुताईनं तिला उपदेश केला नाही. कणीक तिंबायला लावली, बसल्या बसल्या होईल असं. दोन वक्ताचं ताट समोर बसून खाऊ घातलं, आणि रिकामं झाल्याशिवाय उठू दिलं नाही. तीन आठवड्यांनी पोरीनं स्वेटर काढून खुंटीला टांगलं. चौथ्या आठवड्यात कामिनीसोबत मोबाइलवर काहीतरी पाहून मोठ्यानं हसली. पाळी काही आली नव्हती. नळी दाबली की अजून दुखत होती.

ग्राउंडच्या दिवशी भैरवी म्हणाली, "मी मेघा-कामिनीच्या बॅगा धरायले जातो."

यमुताईनं तोंडावर काही दाखवलं नाही. पण पोरीनं सलवारीखाली पळायचे बूट घातलेत, हे तिनं पाहिलं. तिच्याजवळ हॉलतिकीट होतं. नाव होतं, नंबर होता. आत जायला कोणी अडवणार नव्हतं. यमुताईनं त्या दिवशी मेसच्या दाराला कुलूप लावलं. हमाल म्हणाले, "काय वं माई, कोन मेलं?" ती म्हणाली, "कोनी नाही. एक दिवस घरचं खा," आणि पोरींच्या ऑटोत जाऊन बसली.

मैदानाच्या तारेबाहेर आईबापांची, भावांची गर्दी होती. आत पोरी छातीवर नंबर लावून उभ्या होत्या. मेघाचा नंबर दुसऱ्या तुकडीत लागला. शिट्टी वाजली आणि वीस-बावीस पोरी एकदम सुटल्या. भैरवी तारेला चिकटून पाहत होती. पहिल्या फेरीला मेघा मागं होती. "हात हालव वं, हात!" भैरवी ओरडली. दुसऱ्या फेरीला भैरवीच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. श्वास मेघाच्या पावलांसोबत चालू लागला. मेघा दोनचार पोरींना मागं टाकून रेघ ओलांडून गेली आणि गवतावर आडवी झाली.

आतून भोंग्यावर पुढच्या तुकडीचे नंबर पुकारू लागले. एकेक नंबर येत होता. भैरवीची नजर फाटकाकडं गेली. फाटक वीस पावलांवर होतं. तिचा नंबर पुकारला. पुन्हा एकदा पुकारला.

"ताई," ती म्हणाली.

"काय?"

"हात सोडा ना माहा. बांगडी रुतून राहिली."

यमुताईनं खाली पाहिलं. पोरीचं मनगट तिनं केव्हा धरलं होतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. गोऱ्या कातडीवर बांगडीचा लाल वळ उमटला होता.

"पळून जासीन," यमुताई म्हणाली.

"जायचं असतं तं तुमच्यानं मले धरवलं असतं का?"

यमुताईनं हात सोडला. भोंग्यानं तिसऱ्यांदा तोच नंबर घेतला, गैरहजर म्हटलं, आणि पुढचा पुकारला. भैरवी मनगट चोळत तिथंच उभी राहिली.