दा नांगमधलं वाळवण

आधी तो चहाचा घोट गिळा, मग सांगते. मागच्या वेळी हे सांगत असताना शेजारच्या काकूंच्या नाकातून चहा आला होता. फजिती माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आणि ती रत्नागिरीत फुकट करता आली असती, पण मी मुद्दाम विमानात बसून परदेशात जाऊन करून आले!

झालं काय, चोपन्नाव्या वर्षी माझ्या डोक्यात शिरलं की एकटीने परदेश बघायचा. स्वस्तातलं विमान, स्वस्तातलं लॉज, पाठीवर एक पिशवी, बस्स. घरात सांगितलं तर थोरल्या भावाने पेपर खाली ठेवला आणि वहिनीने कमरेवर हात ठेवले. आमची वहिनी सावर्ड्याची. तिने कमरेवर हात ठेवले की घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जातं.

"वन्सं, तुम्ही देवरूखच्या बाजारात चुकलात. ह्यांना स्कूटर घेऊन शोधायला जावं लागलं होतं."

"अगो, तेव्हा लाईट गेली होती!"

"दुपारी बारा वाजता?"

शेवटी तिनेच पैज लावली. आठ दिवसांत 'मला सोडवा' म्हणून एकही फोन आला नाही, तर पुढे मी चंद्रावर गेले तरी ती डबा करून देईल. पण एक जरी फोन आला, तर पुढच्या वर्षी मुकाट्याने तिच्याबरोबर यात्रेच्या बसमधून जायचं.

यात्रेची बस म्हणजे काय, माहीत आहे ना? पहाटे चारला आंघोळ, गळ्यात ओळखपत्र आणि दिवसभर अंताक्षरी! एक वेळ मी उपाशी राहीन, पण अंताक्षरी नको. घेतली पैज आणि गेले व्हिएतनाममधल्या दा नांगला.

पाच दिवस काय राणीसारखी हिंडले म्हणून सांगू! भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. बोटाने दाखवायचं, हसायचं आणि खायचं. रस्ता चुकला की समुद्र कुठे आहे ते बघायचं, कारण माझं लॉज समुद्राच्या बाजूला होतं. रत्नागिरीच्या बाईला समुद्र सापडणार नाही, असं होईल का? रोज संध्याकाळी वहिनीला फोन करून मुद्दाम सांगायची, "मजेत आहे हो, अगदी मजेत!" पलीकडून नुसतं "हं" यायचं.

सहाव्या दिवशी सकाळी घोळ सुरू झाला. उन्हात बरं म्हणून मी घरून कोकमाचं आगळ नेलं होतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं आणि सगळं आगळ पिशवीत सांडलं. नेमकं कशावर? पासपोर्टवर! बाहेर काढला तर लालभडक, खारट, आंबट. मी तो पुसला आणि लॉजच्या गच्चीवर कठड्यावर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर माझी एक चप्पल ठेवली. शेजारी दोरीवर माझे कपडे वाळत होतेच. म्हटलं, ऊन चांगलं आहे, वाळेपर्यंत एक चक्कर मारून येऊ.

हो, हो, पासपोर्ट वाळत घातला! असे बघू नका माझ्याकडे.

बूट घालून निघाले ती चालत चालत शहराच्या पार टोकाला गेले. तिथे एका गल्लीत बघते तर काय, रस्त्याच्या कडेला बांबूच्या तट्ट्या ओळीने मांडलेल्या आणि त्यांच्यावर तांदळाचे पातळ, गोल पापड वाळत घातलेले. अगदी आपल्यासारखे! मला इतकं भरून आलं की मी त्यांचा फोटोच काढायला विसरले.

तेवढ्यात ऊन गेलं. वर बघितलं तर मळभ. गार वारा सुटला. आणि गल्लीत चिटपाखरू नाही!

आता आपल्याकडे वाळवण कुणाचं हे कुणी विचारतं का? मळभ आलं की आधी धावायचं. माझी आई एका शेजारणीशी चार वर्षं बोलत नव्हती. तरी एकदा पाऊस आला तेव्हा हिने पळत जाऊन तिच्या खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सगळी सोलं भरून घरात नेऊन दिली. आणि लगेच पुढचा अबोला चालू! असं आमचं रक्त. माझे पाय मला विचारून पळाले नाहीत.

उचलली पहिली तट्टी. पण न्यायची कुठे? समोर एकच दार उघडं होतं, न्हाव्याच्या दुकानाचं. आत न्हावी स्वतःच्याच खुर्चीत तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा! मी एकेक तट्टी आत नेली. चार भिंतीला टेकवल्या, दोन बाकावर, दोन आरशापुढे, आणि जागा उरली नाही तेव्हा शेवटच्या चार त्याच्या खुर्चीभोवती उभ्या केल्या. बारा तट्ट्या, एकही पापड फाटला नाही. घाम पुसत, कृतार्थ होऊन मी दारात येऊन उभी राहिले पावसाची वाट बघत.

आणि ऊन पडलं!

असं लख्ख पडलं की विचारू नका. तेवढ्यात पलीकडच्या घरातून टोकदार टोपी घातलेली एक म्हातारी बाहेर आली. तिने रिकामा रस्ता बघितला आणि अशी किंकाळी फोडली की न्हावी दचकून जागा झाला. टॉवेल बाजूला करतो तर चारी बाजूंनी पापड! तोही ओरडला. दोघांचं ऐकून मीही ओरडले. दोन मिनिटांत आख्खी गल्ली गोळा झाली.

"पाऊस! अहो, पाऊस येत होता!" मी आभाळाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वर बघितलं. निळंशार! मग मी दोन्ही हातांची बोटं नाचवून पाऊस पाडून दाखवला, पळून दाखवलं, तट्टी उचलून दाखवली. एक बाई पोराला घेऊन मागे सरकली.

स्कूटरवरचा एकजण पुढे आला आणि म्हणाला, "पासपोर्ट?"

एवढा एक शब्द बरा कळला मला! आणि पासपोर्ट कुठे? गच्चीवर, चपलेखाली, वाळत! ते हातवाऱ्यांनी कसं सांगणार? त्याने फोन काढला, बहुतेक पोलिसांना लावायला. मीही फोन काढला. अंगठा वहिनीच्या नावावर. डोळ्यांपुढे बस दिसायला लागली. नको गो बाई, अजून एक मिनिट थांबू.

इकडे म्हातारी दुकानात शिरली होती. तिने एकेक तट्टी निरखली. एक पापड दुसऱ्याला चिकटलेला नाही, मध्ये वारा जायला जागा सोडलेली, ओली बाजू बाहेर. ती हळूच वळली, तिने माझे हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले. मग आभाळाकडे बोट दाखवून माझ्यासारखीच बोटं नाचवली.

"हो गो आजी, हो! तेच सांगतेय मघापासून!"

आणि जी हसायला लागली म्हातारी! तिच्या हसण्याने न्हावी हसला, स्कूटरवाला हसला, मला तर उभं राहवेना. मग सगळ्यांनी मिळून तट्ट्या परत उन्हात मांडल्या. तिने मला घरात बसवून एवढा मोठा वाडगाभर गरम शेवया खायला घातल्या. वाडगा संपतो न संपतो तोच पत्र्यावर ताडताड आवाज. पाऊस, खरोखरचा! मग काय विचारता, म्हातारी पुढे, मी मागे, माझ्यामागे स्कूटरवाला, आणि न्हावी तर स्वतः खुर्च्या सरकवून जागा करून देतोय. बाराच्या बारा तट्ट्या आत! मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले, थेट वहिनीसारखी. धो धो पडणारा पाऊस बघत होते आणि बघता बघता आठवलं.

माझा पासपोर्ट!

पळत सुटले. दोनदा चुकले. त्या पावसात समुद्र तरी कुठला दिसायला! भिजून चिंब होऊन गच्चीवर पोचले. दोरीवर कपडे नाहीत. कठड्यावर पासपोर्ट नाही. नुसती एक चप्पल, पाण्याने भरलेली.

परका देश, पासपोर्ट चोरीला गेला, आता मी घरी कशी जाणार? लहान पोरीसारखं रडू यायला लागलं मला. फोन लावला आणि नेमके तेच शब्द तोंडातून गेले.

"वहिनी, मला सोडवा गो!"

"आधी रडणं थांबवा. काय गेलं?"

"पासपोर्ट. गच्चीवर वाळत घातला होता, कपड्यांबरोबर. कुणीतरी नेला!"



"तिकडे पाऊस पडतोय का?"

"पडतोय."

"मग लॉजच्या मालकिणीला विचारलंत का?"

हातात फोन तसाच धरून मी जिना उतरले. खाली मालकीण टेबलाशी बसली होती. माझ्या कपड्यांची नीट घडी करून ठेवलेली. आणि टेबलफॅनपुढे माझा लाल झालेला पासपोर्ट उघडा, पान उडू नये म्हणून कडेला कात्री ठेवलेली. मला बघून तिने छपराकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांची बोटं नाचवली.

परक्या मुलखात लोकांचं वाळवण काढत सुटले, आणि माझं कुणी काढून ठेवलं असेल हे माझ्या मनात आलं नाही. चोर तेवढा आला! इतकी लाज वाटली मला, काय सांगू. मालकिणीला मिठी मारली, तीही ओल्या कपड्यांनी.

"सापडला ना?" फोनमधून वहिनी. "मग स्वेटर काढून ठेवा. पुढच्या वर्षी बस."

आता पुढच्या महिन्यात निघतोय आम्ही. वहिनीने खिडकीची सीट मात्र मला दिलेली नाही. म्हणाली, "तुम्हाला बाहेर कुणाचं वाळवण दिसलं तर बस थांबवाल."