वॉकीटॉकी कुणाच्या हातात

‘प्रशासन विभागाने निवडलेली संपर्कसाधने निकृष्ट असल्यामुळे मदत पोहोचण्यास विलंब झाला.’

आमच्या कंपनीच्या अहवालात हे वाक्य आलं आणि त्याखाली सही करायला मला सांगण्यात आलं. प्रशासन विभागात सहलींची व्यवस्था बघणारी मी एकटीच, तेव्हा ‘प्रशासन विभाग’ म्हणजे मी. सही मी केली नाही. त्याला आता दीड वर्ष होईल, पण ते वाक्य आठवलं की माझे कान अजून तापतात.

चेन्नईत शोळिंगनल्लूरला आमचं ऑफिस आहे. सॉफ्टवेअरची माणसं दिवसभर खुर्चीत बसतात, म्हणून वर्षातून एकदा त्यांना कुठेतरी चालायला न्यायचं, असं वरून ठरलं. विभागप्रमुखांनी जव्वादूचे डोंगर निवडले. चौदा माणसं, एक दिवसाची चाल, आणि मोबाइलला अजिबात रेंज नाही. "मॅडम, वॉकीटॉकी बघा काहीतरी," त्यांनी जाता जाता सांगितलं, जसं केक बघा म्हणून सांगतात.

मी केक बघितल्यासारखं बघितलं नाही, त्याला कारण माझे वडील. अप्पा तीस वर्षं बंदरात वायरलेस ऑपरेटर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आमचं घर तंजावरकडच्या मराठ्यांचं. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याची माणसं आधी गोंधळतात आणि मग हसतात. पण वायरलेसचा विषय निघाला की अप्पांच्या बोलण्याला कुणी हसत नाही.

"डब्यावर किती किलोमीटर लिवलंय ते वाचू नको गे," ते म्हणाले. "ते मोकळ्या मैदानातलं. डोंगरात डोंगर आडवा येतो."

माउंट रोडमागच्या बाजारात मी दोन दिवस घासाघीस केली. पहिल्या दुकानदाराने परदेशी, दणकट ताकदीचे संच पुढे केले. परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "कोण बघतंय मॅडम?" अप्पांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तसले संच दुसऱ्याच्या, कदाचित पोलिसांच्याही, लहरीवर जाऊन बसतात. सॅटेलाइट फोनची चौकशी केली, तर त्याला सरकारी परवानगी लागते आणि ती काही आठवड्याभरात मिळत नाही. शेवटी परवान्याशिवाय वापरता येणारे, कमी ताकदीचे पण मजबूत असे सहा संच मी घेतले, शिवाय प्रत्येकाला एक जादा बॅटरी.

मग अंबत्तूरला आमच्या गच्चीवर अप्पांना एक संच देऊन बसवलं आणि दुसरा घेऊन मी कारखान्यांच्या शेडमधून चालत सुटले. तिसऱ्या शेडच्या मागे त्यांचा आवाज तुटायला लागला. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढले, तर पुन्हा स्वच्छ. घरी येऊन आम्ही योजना कागदावर उतरवली. एक संच सर्वांत पुढच्याकडे, एक मध्ये, एक सर्वांत मागच्याकडे. खालचा आवाज वर पोचला नाही तर मधल्याने तो पुढे सांगायचा. एक खाली गाडीपाशी माझ्याकडे. एक वाट दाखवणाऱ्याकडे, आणि एक राखीव. दर तासाला हजेरी. पहिला चॅनेल अडला तर सगळ्यांनी पाचवर जायचं. हे सगळं मी छोट्या कार्डांवर छापलं आणि प्रत्येक संचाला एकेक कार्ड बांधलं.

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे गाडीचा रस्ता संपतो, तिथे सकाळी वाट दाखवायला एक बाई आली. तिथल्याच वस्तीतली, चाळिशीची, सडसडीत. तिला सगळे अक्का म्हणत होते. मी संच वाटायला घेतले, तेवढ्यात विभागप्रमुख पुढे झाले आणि त्यांनी पिशवीच माझ्या हातातून घेतली. एक स्वतःला, तिघा टीमलीडना एकेक, एक फोटो काढणाऱ्याला. माझा तेवढा माझ्याकडे राहिला.

"सर, एक अक्कांना द्यायचाय. त्या शेवटी चालणार, मागे पडलेल्यांबरोबर."

"त्यांना काय कळणार यातलं? सगळे इंग्रजीत बोलणार."

"तमिळमध्ये बोलतील. तुम्हाला सगळ्यांना तमिळ येतं."

"मॅडम," ते हसले, "सहल आहे ही. युद्धावर नाही चाललो आपण."

बाकीचेही हसले. अक्का बाजूला उभी होती, हातात काठी, चेहऱ्यावर काही नाही. मी आणखी वाद घालायला हवा होता. तिथल्या तिथे माझा संच तिच्या हातात द्यायला हवा होता. मी तसं केलं नाही, चौदा जणांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल मला स्वतःचाच राग येतो.

सात वाजता ते निघाले. आठची हजेरी नीट झाली. नऊला एकाने हजेरीऐवजी सिनेमातला संवाद म्हटला, दुसऱ्याने शिट्टी वाजवली. मी "कृपया चॅनेल मोकळा ठेवा" म्हटलं, त्यावर कुणीतरी माझ्याच आवाजाची नक्कल केली.

साडेनऊनंतर चॅनेल अडला. आधी कापडाची खसखस आली, मग पावलं, मग विभागप्रमुखांचा आवाज. ते माझ्याशी बोलत नव्हते, शेजारच्या माणसाशी बोलत होते. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा संचाच्या बटणावर चढला होता आणि बटण दाबलेलंच राहिलं होतं. ते वर कड्यावर होते, त्यामुळे मला खाली शब्द न् शब्द ऐकू येत होता. यंदा कुणाला बढती द्यायची, कुणाला वगळायचं, कोण बिनकामाचा, कुणी लग्नानंतर काम कमी केलंय. आणि बटण दाबलेलं असेपर्यंत त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.

मी पाचवर गेले. "कुणी आहे का? ऐकू येतंय का?" पाचवर कुणीच नव्हतं. दर दोन मिनिटांनी मी हाक देत राहिले. आपलं रेटिंग ऐकायचं सोडून पाचवर कोण येणार? चार माणसांच्या हातात चार संच होते. त्यांतल्या एकाला पन्नास पावलं चालत जाऊन "सर, तुमचं बटण दाबलं गेलंय" एवढं सांगता आलं असतं. जवळजवळ दोन तास कुणी सांगितलं नाही.

साडेदहा वाजून गेले असतील. अक्का वाटेवरून धावत खाली येताना दिसली. चपला हातात, पदराचा एक मोठा तुकडा फाटलेला.

"मॅडम, ती मुलगी पडली. ओढ्याच्या खडकावरून. पाय वाकडा झालाय."

"कोण मुलगी? एकटीच आहे ती?"

"तुमची ती चष्म्याची. पुढचे निघून गेले. किती ओरडले मी, कुणी ऐकलं नाही. मग म्हटलं, वर धावले तर ते सापडतील की नाही कोण जाणे. खाली तुम्ही आहात, गाडी आहे. पाय बांधून सावलीत बसवून आले."

चष्म्याची म्हणजे आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलेली टेस्टर. डोंगर चढण्याची तिची पहिलीच वेळ, म्हणून ती मागे पडली होती आणि म्हणूनच अक्का तिच्याबरोबर होती. ज्या दोघींना संचाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दोघींकडे तो नव्हता.

वस्तीतून चार माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन आली. ड्रायव्हरला गाडी वळवून ठेवायला सांगून मी त्यांच्याबरोबर वर गेले. अक्का पुढे, जवळच्या आडवाटेने. पाऊण तास लागला. मुलगी खडकाला टेकून बसली होती, घोट्यावर अक्काच्या पदराची पट्टी, चेहरा पांढरा. मला बघून ती रडली नाही. अक्काला बघून रडली.

"परत येते म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "मी आकडे मोजत बसले होते. किती वेळा हजारापर्यंत गेले."

माझ्या कमरेचा संच मी परत पहिल्या चॅनेलवर ठेवला होता, तो तेवढ्यात अचानक गप्प झाला. वर कुठेतरी विभागप्रमुखांनी पाणी प्यायला पिशवी उतरवली असणार. मी बटण दाबून अपघाताचं सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज आला, अगदी प्रसन्न: "अरे, आहे का कुणी चॅनेलवर? सकाळपासून किती शांत होतं, मला वाटलं संच बंदच पडलेत."

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. अहवालात मात्र त्याची नोंद झाली: ‘संबंधित कर्मचाऱ्याची भाषा अनुचित.’

तालुक्याच्या दवाखान्यात घोटा बांधला, चेन्नईला आल्यावर शस्त्रक्रिया करून त्यात धातूची पट्टी बसवली. ती दोन महिने घरी होती. सोमवारी अहवाल माझ्या टेबलावर आला, ते वाक्य घेऊन. मी सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

"सर, संच निकृष्ट नव्हते. तुमचं बटण दाबलेलं होतं."

"तेच ना. ज्याचं बटण असं सहज दाबलं जातं, तो संच निकृष्टच."

"आणि अक्कांना संच दिला नाही, ते?"

"त्याचा इथे काय संबंध?"

मी तिघा टीमलीडना एकेकटं भेटले. तुम्ही काय ऐकलंत तेवढं लिहून द्या, म्हटलं. दोघांनी आठवत नाही म्हणून सांगितलं. तिसरा प्रामाणिक होता. "मॅडम, कसं लिहू? माझंच चाललं होतं त्यात." अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जेवण थांबवलं. बंदरात कुणी चॅनेल अडवला तर काय होत असे, ते त्यांनी मला तपशिलात सांगितलं.

मी दोन पानं लिहिली. त्या मुलीने अंथरुणातून स्वतःचं एक पत्र पाठवलं, मी न सांगता. त्यानंतर वाक्य बदललं: ‘संपर्कात काही अडचणी आल्या.’ म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही. विभागप्रमुखांना त्या वर्षी बढती मिळाली.

पुढची सहल कोवलमजवळच्या एका रिसॉर्टला झाली. आदल्या दिवशी एकजण संच मागायला आला, वाळूत खजिना शोधण्याचा खेळ ठेवलाय म्हणून. मी कपाटाला कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली. तो वर तक्रार करीन म्हणाला. कर, म्हटलं.

या जानेवारीत ती मुलगी आणि मी पुन्हा जव्वादूला गेलो, आम्ही दोघीच, रजा टाकून. अक्काच्या घरी नाचणीची आंबील प्यायलो. मी एक संच तिच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवायला लागले. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "वनखात्याची माणसं वापरतात. आगीच्या दिवसांत मीही बोलते त्यावर."

मी थांबले. "मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. तुम्ही गाडीतून पाण्याच्या बाटल्या काढत होतात. त्या सारांना म्हटलं, एक मला द्या, मला वापरता येतो. ते म्हणाले, बिघडेल."

मुलीने माझ्याकडे बघितलं. एवढे महिने मी समजत होते की तिचा विचार कुणी केला नाही. तिने स्वतः तोंडाने मागितला होता, आणि तिला नाही म्हटलं होतं.

चेन्नईला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी अक्काचं बोलणं तिच्याच शब्दांत, तमिळमध्ये लिहिलं आणि त्या बंद झालेल्या फायलीला जोडण्यासाठी दिलं. फायली सांभाळणारे गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, हे प्रकरण कधीच मिटलं. आता कशाला?"

"मला परवा कळलं म्हणून," मी म्हटलं, आणि पोच लिहून मिळेपर्यंत तिथून हलले नाही.