अक्काच्या मागं ती उशिरा रडली

बायको पडली, हात मोडला, तवा पुण्याच्या दवाखान्यात झोपेची गोळी दिली. हात जुळला, गोळी चालूच राहिली. मग चक्कर यायला लागली, तिची गोळी. पोट जळायला लागलं, त्याची निराळी. लेक आला की पिशवी भरून आणायचा. आमच्याकडं गोळ्या जास्त म्हणजे माणसाला जास्त जपलं, असं धरतात. मलाबी बरं वाटायचं.

ती मातर दिसभर ओसरीत भिंतीला टेकून असायची. घास दिला की गिळायची, एवढंच.

त्यातच पालीला तिची थोरली बहीण, अक्का, वारली. हिला टेम्पोत घालून नेलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आन् ही मधी बसून नुसती बघत होती. एक जण म्हणाली, "दगडाचं काळीज हाय बाई हिचं."

पुढं भोरच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या म्हणाल्या. म्या पिशवी टेबलावर पालथी केली.

"बाबा, ही झोपेची अजून कशाला?"

"कुणी बंद कर म्हणालं न्हाई."

"चक्कर हिच्यामुळंच येत असेल. एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करू. बीपीची आणि साखरेची तेवढी राहू दे."

मेव्हण्याला कळलं तसा तो दारात येऊन उभा राहिला. "दाजी, माझ्या बहिणीला मारायला काढली व्हय?"

"जिती कुठं हाय ती? बघ की आत जाऊन," म्हणालो.

गोळ्या कमी होत गेल्या. एका सकाळी कप तोंडाला लावून ती म्हणाली, "ह्यो च्या हाय का भांडी धुतलेलं पाणी?" मी हसलो, आन् हसता हसता डोळं पुसलं. तेवढ्यात म्हणाली, "अक्का लई दिसांत आली न्हाई."

लेक म्हणाला, सांगू नका. पण ती रोज इचारायची. शेवटी सांगितलं.

"मला न्यायचं न्हाई व्हय मातीला?"

"नेलं व्हतं गं तुला."

"मला? आन् म्या रडले न्हाई?"

त्या दिशी तिनं भाकरी खाल्ली न्हाई. दुसऱ्या दिशी नसरापूरला एसटी बदलून आमी पालीला गेलो. दारातच तिनं गळा काढला. त्या घरातलं रडणं कवाच सरलं होतं. पण अक्काची सून पिठाच्या हातानंच बाहेर आली आन् हिच्या गळ्यात पडली.

परत येताना गाडीत म्हणाली, "अवं, तुमी गेल्यावर बी म्या अशीच रडणार."

"मला कुठनं ऐकू यायचं?"

"मग आज ऐकलंय ते ध्यानात ठिवा."

थंडीत ती गेली. हार्टनं. कमी केलेल्या गोळ्यांचा काही संबंध न्हाई, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मेव्हण्याला पटलं न्हाई, तो बोलत न्हाई. नसू दे बोलत. ते थोडं महिने मला पुन्हा मिळाले असते, तर म्या पुन्हा हेच केलं असतं.

पण मला तिच्यासारखं रडता येत न्हाई. बाप्यांना कुणी शिकवतच न्हाई. घरात कुणी नसलं की दार लावून घेतो, तिला मोठ्यानं हाक मारायला तोंड उघडतो. नुसता खोकला येतो.