वाढत्या अंगाचा ड्रेस

लेकीनं फोन बटणांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, आता बोला. मी म्हटलं, काय बोलू? तर म्हणे, आपली गोष्ट सांगा. आली का पंचाईत! मी कटिंग मास्तर माणूस. कापड येतं, मी खडूनं आखतो, कापतो, बायका शिवतात, पोरं घालतात आणि गुडघ्यावर फाडून घरी येतात. संपली गोष्ट. ती म्हणाली, ही माहिती झाली पप्पा, गोष्ट नाही झाली. मी म्हटलं, मग गोष्ट तू सांग, मला दहा जोड बाह्या कापायच्यात.

ही पाळी का आली ते आधी सांगतो. घराच्या मागं पत्र्याची खोली, त्यात चार मशिनी आणि कापायचं एक लांब टेबल, एवढा आमचा कारखाना. सोलापुरात शाळेचे ड्रेस शिवणारे असे गल्लीगल्लीत आहेत. वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच मोठ्या शाळेचे ड्रेस शिवत होतो. दारावर पाटी नाही, कॉलरला आमच्या नावाची चिठ्ठी नाही. शाळेचा बिल्ला खिशावर बसला की तीच आमची ओळख. मला त्याचा अभिमानही होता, उगाच कशाला खोटं बोलू. मग एका हिवाळ्यात शाळेनं तयार कपड्यांचा बाहेरचा ठेकेदार धरला आणि आम्हाला गोड बोलून नारळ दिला. बिल्ला गेल्यावर आम्ही कोण, हे आम्हालाच सांगता येईना.

लेक पुण्यात शिकून नुकतीच घरी आली होती आणि तिच्या हातात तिकडच्याच एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. तिनं जेवताना सरळ सांगितलं, "जूनपर्यंत बघू. शाळेनं न पाठवता पोरांचे आईबाप आपणहून आपल्या दारात आले तर मी इथंच राहते. नाही आले तर मी पुण्याला जाते आणि तुम्ही मशिनी विकून टाका." मी म्हटलं, चालेल की. भाकरी मोडली आणि शेंगाचटणीत तेल जास्त झालंय म्हणून बायकोवर डाफरलो. खरं तर लेक जाणं मला चालणार नव्हतं. ती गेली असती तर माझ्यामागं ही कातर धरायला कोणी नव्हतं. पण राहा म्हणून सांगायला जीभ वळली नाही. आमच्या घराण्यात पोरांना असलं सांगायची पद्धतच नाही, ओरडायची मात्र आहे.

तर मग गिऱ्हाईक यावं म्हणून फोनवर टाकायच्या व्हिडिओचा खेळ सुरू झाला. पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या तेलुगू घरातला पोरगा धरून आणला, त्याला नवाकोरा ड्रेस चढवला आणि गाणं लावून गोल गोल फिरवला. पोराला चक्कर आली. तो व्हिडिओ आमच्या पाहुण्यांनी बघितला, बाकी कुत्रं विचारीना. दुसऱ्या दिवशी होटगीच्या मावशींची पाळी. मावशी आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या शिवणाऱ्या. रोज होटगीहून येतात आणि मला माझ्या तोंडावर बोलणाऱ्या घरातल्या आणि बाहेरच्या मिळून त्या एकट्याच. त्या दिवशी जरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून मशिनीवर बसल्या. फोनकडं बघून हसत हसत शिवलं आणि शर्टाची बाही गळ्याला जोडून मोकळ्या झाल्या. मी बोंब मारली. तर मलाच म्हणतात, "मास्तर, बाही काय उसवता येतीय. तुमचं त्वांड कोण उसवायचं? हसा की जरा."

तिसऱ्या व्हिडिओत मला मशिनीवर बसवलं. नुसतं चालवल्यासारखं करा म्हणाली, मी केलं. रुबाबात केलं. संध्याकाळी व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, काका, सुईत दोरा कुठाय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कानाला खडा लावला आणि सांगून टाकलं की आता फोन माझ्याकडं वळवायचा नाही, मी काय नट आहे का.

एप्रिल अर्धा गेला होता. पत्रा असा तापायचा की खडू हाताला चिकटावा. दारात एक माणूस नाही. एका दुपारी लेक त्या ठेकेदाराकडचा शाळेचा स्कर्ट कुठून तरी घेऊन आली आणि विचारलं, ह्यात आणि आपल्यात फरक काय? मी स्कर्ट उलटा केला आणि माझं डोकंच फिरलं. खाली दुमड किती, तर एक बोट! शिलाईत कापड सोडलंय किती, तर सुई घालायलाही भीती वाटावी इतकं कमी. मी तोंडाला येईल ते बोललो. पोरगं काय पुतळा आहे का, दिवाळीपर्यंत वाढणार नाही का, गरिबानं दरवर्षी नवा ड्रेस कुठून आणायचा! मग आमचा स्कर्ट घेतला आणि दुमड उलगडून दाखवली. चार बोटं. कंबरेला आत दडवलेलं कापड दाखवलं. म्हटलं, ह्याला वाढत्या अंगाचा ड्रेस म्हणतात. पोरगी वाढते, तसा तो वाढतो.

हिनं ते सगळं टिपून घेतलं होतं. माझं तोंड नाही, नुसते हात आणि आवाज. शिव्या तेवढ्या कापल्या. तो व्हिडिओ मात्र लोकांनी बघितला. बाया खाली लिहायला लागल्या, आमच्या आईनं पण असंच शिवून घेतलं होतं. काहींनी पत्ता विचारला, पण अजून कोणी आलं नव्हतं. मी खूश होऊन म्हटलं, झाली की तुझी गोष्ट. तर ती म्हणाली, नाही पप्पा, ही अजून कापडाची गोष्ट आहे, माणूस आलाच नाही ह्यात. आणि आईकडून पत्र्याच्या पेटीची चावी मागून घेतली. मी लक्ष दिलं नाही.

चार दिवसांनी, रविवारी, विहारात वंदना झाली आणि बाहेर चप्पल घालताना एकानं माझा हात धरला. म्हणाला, मास्तर, पोरीनं आज रडवलं राव. मला काही कळेना. घरी येऊन बायकोच्या फोनवर बघितलं.

लेक आमच्याच टेबलाशी उभी होती. हातात पेटीतनं काढलेला तिचा शाळेतला निळा स्कर्ट. पाचवीला मी शिवलेला, सहावीला आणि सातवीला दुमड सोडून लांब केलेला. दुमड सोडली की जुन्या घडीची झिजलेली पांढरट रेघ राहते, ती काही केल्या जात नाही. तशा दोन रेघा तिनं बोटानं दाखवल्या. म्हणाली, "माझे वडील दरवर्षी शेकडो पोरांचे नवे ड्रेस शिवायचे. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, टेलरच्या पोरीलाच नवा ड्रेस नाही का गं? मग मी रोज सकाळी निळ्या पेनानं ही रेघ रंगवायचे. दुपारी घाम आला की शाई पायावर उतरायची. पप्पा शाई बघून ओरडायचे. मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण हा स्कर्ट तीन वर्षांत एकदाही कुठं उसवला नाही, हेही खरं आहे." एवढंच.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या फोनमध्ये बघितला.

आधी मला राग आला, लपवत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ते गावाला दाखवायचे? बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेन मीच आणून देत होते. महिन्याला एक."

मग राग कुठं गेला कोण जाणे. मला ती शाई आठवली. स्कर्टच्या काठाला, पायाला, मोज्याला. शाळेत शिकतीस का शाई खेळतीस, असं मी विचारायचो. एकदा पाठीत धपाटाही घातला होता. मी शिवणारा माणूस, कुणाची शिलाई अर्धा दोरा वाकडी गेली तर लांबून ओळखतो. पोरीच्या गुडघ्याखालची रंगवलेली रेघ मला तीन वर्षांत दिसली नाही. लई लाज वाटली. त्या दिवशी मी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

लेकीला तोऱ्यातच सांगितलं, तो व्हिडिओ काढून टाक. ती म्हणाली, "काढते. पण त्यात खोटं काय आहे तेवढं सांगा." मग विचारलं, तेव्हा मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलून काय झालं असतं? तुम्ही शिवतच होता की पप्पा. रात्रंदिवस शिवतच होता." व्हिडिओ राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई, सोबत तिची मुलगी. अक्कलकोटकडच्या असाव्यात, माझ्याशी मराठी आणि मुलीशी कानडी. मला वाटलं, आलं पहिलं गिऱ्हाईक! बाईंनी पिशवीतून जुना स्कर्ट काढला. नवा नको होता. व्हिडिओ बघितला म्हणाल्या, ही रेघ घालवता येते का बघा, पोरगी शाळेला जायला कुरकुर करते. मुलगी मावशींच्या मशिनीमागं लपून उभी होती. मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. बायको दारात आली.

मी स्कर्ट घेतला. बारीक कापलेली गडद निळी पट्टी काढली, पोरांच्या टायचं कापड उरलेलं होतं त्यातली. ती रेघेवर बरोब्बर बसवली, दोन्ही कडांनी शिवली, इस्त्री मारली. रेघ पट्टीखाली गेली आणि वाटावं मुद्दामच नक्षी केलीय. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं! तेव्हा का सुचलं नाही, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. मुलीनं स्कर्ट घातला आणि न सांगता गोल फिरली. शेजारच्या पोरासारखी तिला चक्कर आली नाही.

बाईंनी किती द्यायचे विचारलं. मी म्हटलं, ह्याचे घेत नाही. त्या गेल्यावर मी लेकीला हाक मारली आणि सांगितलं, फोन लाव. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिनं मुकाट फोन बटणांच्या डब्याला टेकवला. मी तिचा तो जुना स्कर्ट मागून घेतला, त्यावर वरची एक आणि खालची एक अशा दोन पट्ट्या बसवल्या आणि शिवता शिवता बोललो. दोरा होता ह्या वेळी.

"माझ्या पोरीला मी शाईवरून बोललो. मारलंही. चूक माझी होती. रेघ तिच्या स्कर्टवर होती आणि दिसायला मला पाहिजे होती." इथं बाहीनं डोळे पुसले, मशीन चालवलं, मग परत बोललो. "आणि तिनं इथंच राहावं असं मला वाटतं. ती पुण्याला गेली तर मला करमायचं नाही."

मावशींनी डोळ्याला पदर लावला. लेकीनं फोन उचलला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. त्यात हात होते, पट्टी होती, इस्त्रीची वाफ होती, आणि खाली लिहिलं होतं, जुना ड्रेस घेऊन या, रेघ झाकून देऊ, फुकट. मग बाया जुने ड्रेस घेऊन आल्या. दुमड उलटून बघून त्यातल्या कितीतरी जणी म्हणाल्या, नवाही तुमच्याकडंच टाकतो, पण चार बोटं सोडा हं मास्तर. मे संपेपर्यंत टेबलावर पाच शाळांचं कापड पडलं होतं आणि मावशींनी होटगीहून आणखी दोघींना आणलं. लेकीनं चिठ्ठ्या विणून आणल्या, कॉलरच्या आत लावायला. त्यावर आमचं नाव नाही. नुसतं लिहिलंय, वाढत्या अंगाचा.

पण ते पुढं. त्या दिवशी तो व्हिडिओ बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी इतकं बोललो, चारचौघांत डोळे पुसले आणि ते एक अक्षर त्यात नाही! मी लेकीला जाब विचारला, माझं बोलणं कुठं गेलं?

ती काज करायला शर्ट लावत होती. म्हणाली, "ते टाकणार नाही मी. ते माझं आहे."

मी म्हटलं, आणि पुण्याचं काय?

"पुण्याला नाही म्हणून कळवलं. काल फोन घेऊन आत गेले, तुम्ही मशिनीवर होता तेव्हाच."